गावाचा रकाना

पगार वजनावर मोजता येतो, हे मला जुबात कळलं. २०१६ साली दक्षिण सुदानात सगळ्यांत मोठी नोट शंभर पाउंडांची होती. आमच्या वैद्यकीय मदत-संस्थेची जुबातली कचेरी आणि उत्तरेकडचा दवाखाना मिळून एकशे ऐंशी माणसं पगारावर होती, रोजंदारीवाले वेगळे. एका महिन्याचा पगार म्हणजे नव्वद-शंभर बंडलं. बँकेतून ती तांदळाच्या पोत्यात घालून आणायची, म्हणजे रस्त्यात नाक्यावर कुणी डोकावलं तर तांदूळच दिसावा. वर खरोखरचा चार-पाच किलो तांदूळ ओतलेला असायचा. नंतर तो आमच्याच स्वयंपाकघरात शिजायचा, आणि एकदा भातात रबरबँड निघालं.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे इतक्या लांब जाऊन तू कारकुनीच करतेस होय?"

होय, कारकुनीच. मी परभणीची, वडील तलाठी. पुण्यात एका रुग्णालयात आठ वर्षं हिशेब सांभाळले आणि मग या कामाला अर्ज केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये जुबाच्या विमानतळावर उतरले ती 'ॲडमिन' म्हणून. पैसे, माणसं आणि कागद ही तीन खाती माझ्याकडे. मिशनवर गेले म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रक्ताळलेले हातमोजे येतात. माझ्या हाताला लागायची ती स्टँपपॅडची शाई.

आधी पैशांचं सांगते, कारण दिवसातला अर्धा वेळ त्यातच जायचा. डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनं पाउंड मोकळा सोडला. आदल्या दिवसापर्यंत सरकारी दरानं डॉलरला जेमतेम तीन पाउंड मिळायचे, ते एका रात्रीत साडेअठरा झाले. जुलैपर्यंत भाव चाळीसच्या पुढे गेला होता. आम्ही पगार पाउंडात द्यायचो. पगारपत्रक तयार करायला चार दिवस लागायचे, तेवढ्यात मक्याचं पीठ महागलेलं असायचं. मी पहिल्या पाच महिन्यांत तीनदा पगारश्रेणी बदलली आणि तिन्ही वेळा लोक रास्तपणे म्हणाले की हे कमी आहे. डॉलरची वेगळीच तऱ्हा. २००६ च्या आधी छापलेली नोट बाजारात कुणी हातात धरायचं नाही, आणि नोटेवर पेनाची बारीक रेघ असली तरी परत. मुख्य कार्यालयातून कुणी येणार असलं की मी त्यांना औषधांच्या यादीआधी हे कळवायची: नोटा नव्या आणा, घडी घालू नका.

माणसांचं खातं त्याहून नाजूक. परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी एक फॉर्म द्यायची. त्यात तीन-चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहायची, अशी की जी फक्त त्यालाच ठाऊक असतील. उद्या अपहरण झालं तर तो जिवंत आहे की नाही हे ताडायला. लिफाफा बंद, वर सही, थेट तिजोरीत. एका सर्जननं विचारलं, "आमच्या मांजराचं नाव चालेल?" मी म्हटलं, "फेसबुकवर तिचा फोटो नसेल तर चालेल." त्यानं विचार करून दुसरा प्रश्न लिहिला.

स्थानिक माणसांच्या फायली माझ्या मदतनिसाकडे. तो पन्नाशीचा, पूर्वीचा शाळामास्तर. सुदानी अरबीत मास्तरला उस्ताज म्हणतात, म्हणजे आपल्या उस्तादाचाच भाऊ, आणि अख्खी कचेरी त्याला त्याच नावानं हाक मारायची. मला तो सिस्टर म्हणायचा. तो इक्वेटोरियाचा, म्हणजे देशाच्या दक्षिण भागातला. त्याच्याकडून मी शिकले की आमच्या यादीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जानेवारी का आहे. जन्माची नोंद कुठंच नाही, मग पहिल्यांदा कागद करताना जो अधिकारी बसला असेल त्यानं साल अंदाजे आणि तारीख सोयीची टाकलेली. नुएर जमातीतली नावं 'गात'नं सुरू झाली की मुलगा आणि 'न्या'नं झाली की मुलगी, हेही त्याचंच. एकाच माणसाचं नाव करारावर एक, ओळखपत्रावर दुसरं आणि रुग्णालयाच्या बिल्ल्यावर तिसरं, कारण रोमन लिपीत ज्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. बँक, कामगार खातं, परवाना कार्यालय, सगळीकडे याच्यावरून अडायचं. आठवड्यातली एक सकाळ मी 'हा तोच माणूस आहे' अशी पत्रं टाइप करण्यात घालवायची.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती.

एप्रिलमध्ये मी कर्मचाऱ्यांची यादी नव्यानं केली. जुनी यादी म्हणजे नुसता गोंधळ होता. तलाठ्याची मुलगी मी. सातबाऱ्यात रकाना कोरा दिसला की वडिलांना जेवण गोड लागायचं नाही. मी एक्सेलमध्ये चौदा रकाने आखले. आणीबाणीत घरच्यांना कळवायला उपयोगी पडेल म्हणून त्यात मूळ गावही घातलं: काउंटी, पायाम, बोमा. आपल्याकडे तालुका, मंडळ, सजा असतं तशी ही उतरंड. उस्ताजनं यादी भरून आणली. सगळ्यांपुढे 'जुबा'.

"उस्ताज, ही सगळी माणसं जुबातच जन्मली?"

"आज इथंच राहतात ना, सिस्टर."

"मला मूळ गाव हवंय."

तो गप्प राहिला. मी यादी परत केली. दोन आठवड्यांनी त्यानं ती पेन्सिलीनं भरून आणली. पेन्सिलीनं का, हेही मी विचारलं नाही. उलट बोलले: कामात चालढकल नको म्हणून. मग सगळं टाइप केलं, काउंटीप्रमाणे क्रम लावला, छापलं आणि एक प्रत माझ्या कपाटात, एक गाडीतल्या फायलीत ठेवली. मुख्य कार्यालयाकडून शाबासकीचा मेल आला. तो मी आईला वाचून दाखवला होता.

तिथलं युद्ध १५ डिसेंबर २०१३ ला जुबातच सुरू झालं. राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर हे डिंका जमातीचे, आणि त्यांनी काढून टाकलेले उपाध्यक्ष रिएक माचार हे नुएर. सत्तेचं भांडण बघता बघता जमातींमध्ये उतरलं. त्या डिसेंबरात शहरात घराघरांतून नुएर पुरुषांना शोधून मारलं होतं, आणि जे वाचले ते संयुक्त राष्ट्रांच्या तळांवर आसऱ्याला गेले. २०१६ मध्येही हजारो माणसं तिथंच ताडपत्रीखाली राहत होती. ऑगस्ट २०१५ मध्ये करार झाला, २६ एप्रिल २०१६ ला माचार जुबात परतले. म्हणजे ज्या महिन्यात शहर श्वास रोखून वाट बघत होतं, त्याच महिन्यात मी चौदा रकाने आखत होते. हे सगळं मी येण्याआधी वाचलं होतं. वाचलेलं आणि हातातलं काम यांची गाठ पडायला मला तीन महिने लागले.

७ जुलैच्या संध्याकाळी गुदेले भागातल्या एका नाक्यावर गोळीबार झाला. ८ तारखेला, शुक्रवारी, दोन्ही नेते राष्ट्राध्यक्षांच्या निवासात असतानाच बाहेर त्यांच्या रक्षकांमध्ये जुंपली. आमचं फाटक बंद झालं. परदेशी आम्ही सात जण, आणि घरी जायच्या आत अडकलेले अकरा स्थानिक, त्यांत उस्ताजही होता. ९ जुलै हा स्वातंत्र्याचा पाचवा वाढदिवस. पैसे नाहीत म्हणून सरकारनं सोहळा आधीच रद्द केला होता, आणि शहर इतकं शांत होतं की शेजारच्या अंगणात कुणीतरी झाडू मारत होतं तो ऐकू येत होता.

अशा वेळी ॲडमिनचं काम एकच: कोण कुठं आहे. जुबात राहणाऱ्या बासष्ट जणांना मी आणि उस्ताज आळीपाळीनं फोन लावत होतो. 'बोलणं झालं', 'लागत नाही', 'शेजाऱ्यानं सांगितलं'. बऱ्याच जणांच्या फोनमधला बॅलन्स संपलेला. माझ्या तिजोरीत रिचार्जच्या स्क्रॅचकार्डांचा गठ्ठा होता. मी नाण्यानं कार्डं खरवडत होते आणि उस्ताज फोनवर आकडे हळूहळू वाचून दाखवत होता, मास्तर पाढे घालून देतो तसा. त्या दोन दिवसांत आम्ही जे काही केलं त्यात सगळ्यांत उपयोगी हेच असावं. व्हाउचरवर खर्चाचं कारण काय लिहायचं यावर मात्र नंतर मुख्य कार्यालयाशी चार मेल झाले.

रात्री नऊच्या सुमाराला उस्ताज माझ्या टेबलाशी आला.

"सिस्टर, ती यादी कुठंय?"

"ही काय, यावरूनच तर फोन करतोय."

"ही नाही. गावांची."

मी कपाटाकडे बोट केलं. तो बसला. मग त्यानं मला जे सांगितलं ते एप्रिलमध्येच सांगायला हवं होतं असं मला क्षणभर वाटलं. पण त्यानं तेव्हाही सांगितलं होतं, 'जुबा' लिहून. जुन्या पिढीतल्या नुएर पुरुषाच्या कपाळावर सहा आडव्या रेघांचे व्रण असतात, त्याला लपता येत नाही. शहरात वाढलेल्या पोरांच्या कपाळावर ते नसतात. बोलायला त्यांना जुबा-अरबी येते. नाव बदलून सांगता येतं. कागद मात्र बदलून सांगत नाही. पायाम आणि बोमा कळलं की माणूस कुणाचा ते कळलं. "आणि तुमच्या यादीत," तो म्हणाला, "सगळे एका जागी आहेत."

काउंटीप्रमाणे क्रम मीच लावला होता.

जाळावी तर धूर होणार, कागद कापायच्या यंत्राला जनरेटर हवा आणि त्याचा आवाज होणार. शेवटी कपडे धुवायची बादली घेतली, पाणी आणि साबणाची पूड घातली आणि पानं फाडून भिजत टाकली. अकरा पानं कपाटातली, अकरा गाडीतली. लेझर प्रिंटची शाई पाण्यात विरघळत नाही. कागद मऊ होतो पण अक्षरं तशीच राहतात, अगदी लहान तुकड्यावरसुद्धा. म्हणून हातानं चुरत बसलो, पिठाचा गोळा कालवावा तसं. एका तुकड्यावर कुणाच्या तरी बोमाचं नाव अख्खं राहिलं होतं. उस्ताजनं तो बोटांत धरून बॅटरीच्या उजेडात बघितला, दोन भाग केले आणि परत पाण्यात टाकला. तो लगदा संडासाच्या खड्ड्यात गेला. उपग्रह फोनवरून मुख्य कार्यालयाला विचारलं, जूनची प्रत तुमच्याकडे आहे ना. आहे म्हणाले. मग लॅपटॉपवरचीही उडवली. पगारपत्रकात फक्त क्रमांक ठेवले.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा जातीचा रकाना आपल्याकडे लोक आधी वाचतात आणि नाव नंतर. मी स्वतः पुण्यात भाड्याची खोली बघताना 'आडनाव काय?' या प्रश्नाला दोनदा तोंड दिलंय. तरीही मी ती यादी केली. हे कुणाला सांगायला मला अजूनही जड जातं.

१० तारखेला, रविवारी, सकाळपासून रणगाडे आणि हेलिकॉप्टरं. आम्ही वाळूची पोती लावलेल्या खोलीत. तिथलं फार लिहीत नाही. भिंतीकडे बघत बसण्यापलीकडे तिथं काही घडत नाही, आणि जे बाहेर घडत होतं ते मी पाहिलेलं नाही. ११ तारखेच्या संध्याकाळी दोन्ही बाजूंनी शस्त्रं थांबवायचे हुकूम सुटले. त्या दिवसांत किमान तीनशे माणसं गेली. जागतिक अन्न कार्यक्रमाचं मुख्य गोदाम लुटलं गेलं. आमच्या फाटकाशी यादी मागायला कुणीच आलं नाही. तेव्हा त्या बादलीनं कुणाचा जीव वाचला असं मला म्हणता येत नाही.

भारतीय दूतावासाचा फोन १३ तारखेला आला. हवाई दलाची दोन सी-१७ विमानं येणार होती. त्या मोहिमेचं नाव 'संकटमोचन'. आईनं ते टीव्हीवर ऐकलं आणि मारुतीला नारळ बोलली. मी गेले नाही. शौर्याचा काही भाग नव्हता. आमच्यातले चार जण विमानानं नैरोबीला गेले, उरलेल्यांत तिजोरीची दुसरी किल्ली कुणाकडे द्यायची ते ठरत नव्हतं, आणि जूनचा पगार वाटायचा राहिला होता. आईला एवढंच सांगितलं की पगार करून येते. वडिलांनी फोन घेतला आणि विचारलं, "रक्कम मोजून ठेवलीस का?" मोजलीय म्हटल्यावर बरं म्हणाले आणि आईकडे फोन दिला.

पगार वाटणं हे त्या महिन्यातलं सगळ्यांत किचकट काम निघालं. मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय तेव्हा तिथं नव्हती. बँका बंद. जून महिन्याची पोती नशिबानं आधीच आणलेली. आमचे एकोणीस जण संयुक्त राष्ट्रांच्या तळावर आसऱ्याला होते. त्यांना बाहेर पडता येत नव्हतं. बायकोला पाठवतो असं काही जण म्हणाले. मी नको म्हटलं. तळाच्या दारापासून बाजारापर्यंतच्या रस्त्यावर बायकांचं काय होत होतं ते तोपर्यंत आम्हाला कळलं होतं. शेवटी आत दवाखाना चालवणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेच्या हिशेबनिसाशी बोलणं केलं, त्याच्या गाडीतून मी आणि उस्ताज आत गेलो.

आत गेल्यावर लक्षात आलं की आपल्याकडे नुसते क्रमांक आहेत. ओळखपत्रं अनेकांनी स्वतःच टाकून दिलेली. क्रमांक ४७ म्हणून समोर आलेला माणूस ४७ च आहे कशावरून? इथं त्या बंद लिफाफ्यांची युक्ती कामी आली. उस्ताज ज्याला त्याला असं काही विचारायचा की जे फक्त त्यालाच सांगता येईल. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला: जुन्या फाटकाचा रंग कोणता होता? धुणंवालीला: शस्त्रक्रियेची हिरवी चादर कोणत्या बादलीत भिजवायची नाही? एका ड्रायव्हरला त्यानं विचारलं की गाडी क्रमांक तीनचं काय बिघडलेलं असतं, तर तो म्हणाला, "सगळंच," आणि रांगेतले सगळे हसले. ते उत्तर बरोबर धरलं. एकेकाचा अंगठा घेतला, पैसे मोजून दिले. एका बाईनं नोटा मोजल्या आणि त्यातल्या अर्ध्या मला परत दिल्या: इथं ठेवायला जागा नाही, तुमच्या तिजोरीत राहू द्या. मी पावती फाडली. पावतीवर नाव नको म्हणाली. मी क्रमांक लिहिला.

काम संपत आलं तेव्हा त्या पहारेकऱ्यानं विचारलं, "दाखला मिळेल का?"

पगारापेक्षा या प्रश्नाची रांग लांब झाली. काम केल्याचा दाखला, शिक्का असलेला. उद्या संस्था बंद झाली, आपण दुसऱ्या गावी गेलो, दुसऱ्या देशात गेलो, तर आपण चार वर्षं कुठंतरी नीट काम केलं याला पुरावा एवढाच. मला वाटलं होतं आता कागदाला सगळे घाबरतील. उलट प्रत्येकाला एक कागद हवा होता. त्यावर काय असावं आणि काय नसावं हे मात्र ज्याचं त्याला ठरवायचं होतं. मी कचेरीत येऊन एकोणीस दाखले छापले. नाव, हुद्दा, कामाचा काळ, सही, शिक्का. अकराव्याला शिक्क्याची शाई संपली, तेव्हा स्टँपपॅडवर चार थेंब पाणी टाकून उरलेले आठ फिकट उठवले. त्या आठांत तो पहारेकरी होता. पुढच्या आठवड्यात त्यानं निरोप पाठवला: बाकीच्यांचा गडद आहे, मलाही गडद द्या.

ऑगस्टच्या शेवटी उस्ताजनं राजीनामा दिला. लढाई आता त्याच्या भागात, इक्वेटोरियात, पसरली होती आणि त्याची बायको-मुलं सीमा ओलांडून युगांडात गेली होती. तिकडे त्याच महिन्यात बिदी बिदी नावाची नवी वसाहत निर्वासितांसाठी उघडली होती. त्याचा दाखला मीच टाइप करायला घेतला. नव्या नमुन्यात गावाचा रकाना नव्हता, मीच काढला होता.

"सिस्टर, त्यात माझं गाव घाला."

मी वळून पाहिलं.

"तिकडे नोंदणी करताना विचारतात कुठून आलात. काउंटी, पायाम, बोमा, तिन्ही घाला."

मी नमुन्यात एक ओळ वाढवली. त्यानं नावं सांगितली. बोमाचं नाव मी टाइप केलं तर तो म्हणाला, असं नाही, मधे एकच 'ओ'. मग म्हणाला, नकाशावर दोन आहेत खरं, पण आमच्या शाळेच्या फळ्यावर एक होता, तो मीच लिहायचो. मी एक 'ओ' खोडला आणि छापायला दिलं. शिक्का त्यानं स्वतः उचलला, हवेत धरून शाई बघितली आणि मग माझ्या हातात दिला.